दिवस

त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलमध्ये, खाट नंबर अकरा,
तहसीन कोकणी, वय सव्वीस, हृदयाची झडप आकसलेली.
पिंगळे डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लिहिलंय:
गर्भ पुढे नेल्यास आईच्या जिवाला धोका.
खाली सही, शिक्का, उद्या सकाळची वेळ.

रात्री अडीचला ती विचारते,
सिस्टर, तुमच्याकडे कॅलेंडर आहे?

आहे. पतसंस्थेचं, औषधांच्या कपाटाला टांगलेलं,
त्यावर आमच्या रजा आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तारखा.
आपल्या बोलीत बाईला दिवस जातात,
पण ते कुठून धरायचे, हे बोली सांगत नाही.

तिचा नवरा द्राक्षांचा कंटेनर घेऊन न्हावाशेव्याला जायचा.
अख्ख्या सीझनात घरी दोनच रात्री आला:
एक शबे-बरातच्या आदली, हलव्याचा रवा भाजून ठेवला होता ती,
दुसरी, रमजानचा चंद्र दिसला ती.
यातली कुठली, ते पोटाला ठाऊक.

दूध बाजारातले मुफ्तीसाहेब तिच्या भावाला म्हणाले,
एकशे वीस दिवसांनी रूह येते.
त्याआधी, कारण सबळ असेल तर, वाट आहे.
नंतर एकच वाट, आई जात असेल तर.
मूळ राखा, म्हणाले, फांदीचं अल्लावर सोडा.

म्हणजे दोन्हीकडून परवानगी आहे तुला, मी म्हणते.
ती भिंतीकडे बघते.
परवानगी कोण मागतंय, सिस्टर?

आमच्याकडे मोजणीच नाही.
माझी नणंद नाशिकरोडला, कॅथलिक घरात दिलेली.
तिचे फादर म्हणतात, पहिला क्षण तोच जीव, पुढं बोलणं नको.
शरणपूरचे आमचे पाळक जरा मऊ.
मी विचारलं तेव्हा म्हणाले,
आईचाच जीव जात असेल तर, बाई…
आणि वाक्य तिथंच ठेवून वर्गणीची वही उघडली.

माझं नवव्या आठवड्यात आपोआप गेलं.
मंगळवारी, ह्याच इमारतीत, पिवळ्या पिशवीत.
पिशवीला गाठ मीच मारली, हाताला सवय होती.
पहिल्या क्षणापासून जीव,
मग त्या मंगळवारी घंटा का नाही वाजली?
वीतभर खड्डा का नाही?
मंडळीतल्या बाया केळी घेऊन आल्या
आणि म्हणाल्या, होईल दुसरं.

मोजा ना, तहसीन म्हणते.
एकशे वीस भरले असतील तर नाव ठेवतात.
अंघोळ घालतात, कफन, सगळं.
नाही भरले तर नुसतं फडक्यात.

मशीन म्हणतं अठरा आठवडे, दहा दिवस इकडे किंवा तिकडे.
त्यात आमचं घड्याळ पाळीपासून चालू होतं,
म्हणजे गर्भ नव्हता तेव्हाचे पंधरा दिवससुद्धा त्याच्याच नावावर.
मी अंगठ्यानं पेरं मोजते.
चंद्राच्या रात्रीपासून, एकशे सहा.
रव्याच्या रात्रीपासून, एकशे बावीस.

आमच्या मंडळीत कळलं तर म्हणतील,
बाई, आकडा वाढवून तू पाप वाढवलंस.
वाढलं असेल.
एकशे बावीस, मी म्हणाले.
ती ढसाढसा रडली,
आणि मग पहाटेपर्यंत शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किडनी ट्रेमध्ये कोमट पाणी.
तिचा भाऊ भद्रकालीतून पांढरं कापड घेऊन दाराबाहेर.
नाव ती त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलली.
मला ऐकू येऊ नये म्हणून
मी बेसिनचा नळ पूर्ण सोडला.

ड्यूटी संपल्यावर शरणपूर रोडचा सिग्नल.
नऊ साते त्रेसष्ट.
हेल्मेटच्या आत मी एक नाव म्हणून बघते,
सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते.
काच धुरकटते.
मागचा रिक्षावाला हॉर्न देतो, हिरवा कधीच लागलाय.