पाय कुठे ठेवावेत

रंगाच्या कंपनीनं डीलर लोकांना पटायाची सहल दिली,
दोन हजार डबे खपवल्याचं बक्षीस.
म्हापशाच्या माझ्या दुकानात त्या दिवशी
चहा कमी, डोळे मिचकावणं जास्त.
उल्हास म्हांबरे, तोही डीलर, म्हणाला,
बायकोला काय सांगितलंस रे?
आणि नेमकी तेव्हाच ती काउंटरशी उभी,
सिंकच्या जाळीचं माप सुतळीवर गाठ मारून आणलेलं.

वान्पेन, म्हणजे पौर्णिमेचा दिवस.
आसगावच्या हॉटेलात सात वर्षं स्वयंपाक करते.
घरचं नाव कुंग, म्हणजे सुंगट.
तिच्या भावाचं बेडूक.
ती हसली. जाळी घेतली, सुटे मोजले, गेली.
हसली म्हणजे हसली, असं मला वाटलं.

शुक्रवारच्या बाजारात गाठलं तिला.
म्हटलं, पहिल्यांदाच चाललोय, काही सांग.
शहाळेवाल्याच्या बाकड्यावर बसलो,
मी सवयीनं पायावर पाय टाकला.
"आधी हे," ती म्हणाली, "तळवा कुणाकडे करायचा नाही.
मला चालतं. माझ्या आईला नाही चालणार."

मग सांगत गेली, मध्येच मिरचीचा भाव पाडत.
नाणं घरंगळलं तर पायानं अडवू नको, त्यावर राजा आहे.
मला पटलं. उधारीच्या वहीला चप्पल लागली
तरी मी डोळ्यांना लावतो.
पोर कितीही गोड असलं तरी डोक्यावर हात नको.
थोरांना हात जोडायचे, बोटं नाकापर्यंत.
वाढप्याला नको, त्याला मान हलव, नाहीतर तो बावरेल.
भात चमच्यानं; काटा नुसता ढकलायला.
आवाज चढवलास की हरलास,
खरा असलास तरी.
आणि कुणी विचारलं, किन खाओ रू यांग,
भात खाल्लास का,
तर पोटाची चौकशी नव्हे ती, तुझी आहे.
हे मात्र शिकवावं लागलं नाही.
पेडण्याची मामी अजून फोन उचलते तो "जेवलो?" म्हणतच,
सकाळचे दहा असोत की रात्रीचे अकरा.

मी विचारलं, त्या दिवशी दुकानात हसलीस, ते कसलं?
तिनं मिरची मोडली, वास घेतला, परत ठेवली.
"आमच्यात हसू खूप तऱ्हेचं.
ते होतं समोरच्याची लाज आपण उचलायचं."
म्हांबऱ्याची लाज. आणि मी गप्प होतो, त्याची.
जाळीसोबत पिशवीत घालून घेऊन गेली होती ती.

"माझं गाव लांब. रात्रभर बस. तुमची सहल तिकडे नाही जात.
पण हॉटेलाबाहेर खांबावर बारकं घर असेल, फ्रा फूमचं."
फूम म्हणजे?
"जमीन."
भूमी, मी म्हटलं.
तिनं दोनदा म्हणून बघितलं, भूमी, भूमी,
शेवटची ई तिच्या तोंडात मावत नव्हती.
"त्याला लाल सरबताची बाटली ठेव. स्ट्रॉ घालून."
मला हसू नाही आलं.
आमच्या देवचाराला विडी लागते, पेटवलेली,
आणि वहाणांची नवी जोडी,
रात्रभर शिवार फिरून जुनी झिजते म्हणून.

चौथ्या सकाळी बस हॉर्न मारत होती.
सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या टोप्या.
मी चपला काढल्या, फरशी तापलेली.
इवल्या घरात इवले हत्ती, मातीच्या नाचणाऱ्या बाया,
एक म्हातारा-म्हातारी, मिरीएवढ्या डोक्यांची.
स्ट्रॉ विसरलो होतो.
झाडणारी बाई बघत होती; केरसुणी टेकवून आत गेली,
एक घेऊन आली, काही न विचारता.
मी म्हटलं, वान्पेन.
मग वाटलं, या नावाच्या कितीतरी असतील,
म्हणून हळूच जोडलं, कुंग, आसगाव, म्हापशाजवळ.
खिडकीतून म्हांबरे ओरडला, कुणासाठी रे?
मी आवाज चढवला नाही.

परत आल्यावर तिला साबण दिले, सुकवलेला आंबा दिला,
फोटो दाखवला.
तिनं तो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला.
विचारलं एवढंच:
झाकण उघडलं होतंस ना?