चौथी पायरी

कातोवित्सेच्या दवाखान्यातली पोर म्हणाली,
हात न टेकता खुर्चीतून उठा, पाच वेळा.
अलोईझ तिसऱ्यांदा उठला
आणि खिडकीबाहेर बघत राहिला,
जणू पुढचं कुणी काही मागितलंच नव्हतं.

कोळशाच्या खाणीत तीस वर्षं
याच हातांनी छताला टेकू दिले.
परवा आंबवलेल्या काकड्यांची बरणी
माझ्याकडे सरकवली, न बोलता.
पट्ट्याला नवं भोक मीच पाडलं,
खिळा तापवून.

माळ्यावर कबुतरं. शिडीला अकरा पायऱ्या.
गेल्या हिवाळ्यात तो सातवीवर थांबायचा,
यंदा चौथीवर.
आता मीच चढते, गुडघ्यांना शिव्या घालत,
आणि तो खालून सांगतो:
निळीला आज…
मटार…
नको.

रविवारी शर्यतीतून निळी परतायची होती.
पूर्वी शीळ घालून उतरवायचा तिला;
शिळेपुरती हवा आता उरत नाही.
अंगणात खुर्ची टाकून बसला,
मांडीवर पत्र्याचा डबा, आत मूठभर मका.
खुळखुळवला.

ती छपरावर बसली, मान तिरकी करून.
ओळखेना.
पुन्हा खुळखुळवला.

मग तो उठला.
हात टेकले की नाही,
मी बघितलं नाही.
मी आभाळाकडे बघत होते.