चारशे सतरा पत्ते

माइमूने चहा ओतला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला,
डॉक्टरपुढे पोर सरकवावं तसा.
"दिवसाला दीडशे जण यायचे. आता नऊ.
त्यातली तीन वेळा मीच."

बाहेर हीयुमा बेटावर फेब्रुवारी.
आत जुनिपरचा भुसा, लोण्याच्या सुऱ्या ओळीने वाळत घातलेल्या,
आणि तो मिरमिरीत वास
जो कुठल्याच पडद्यावरून पाठवता येत नाही.

तिने बरंच करून पाहिलं होतं.
किमती उतरवल्या. फोटो बदलले.
"जुनिपरची सुरी" एका पानावर एकेचाळीस वेळा लिहिलं,
हट्टाने जप करावा तसं.
शेजारचा आरवो म्हणाला, लोक लोणी खाईनासे झाले.
तेही तिला पटून गेलं होतं.

मी म्हटलं, आधी तारीख शोधू.
रेघ हळूहळू उतरत असली की मला भीती वाटते:
ते वय असतं, नाहीतर जगाचं मन उडालेलं असतं.
ही तशी नव्हती.
ही कड्यावरून पडली होती, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी.
"त्या दिवशी काय झालं?"
माइमूने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर चाळलं.
"तावो आला होता, भाचा. साइट नवी करून दिली.
केकही आणला होता."

दुसऱ्याच ओळीत सापडली,
तात्पुरती म्हणून घातलेली, काढायची राहून गेलेली कडी:
इथलं काही नोंदवू नये.
या बेटावर कोळी पुष्कळ, सगळे बोटीवरचे;
हा आठ पायांचा मात्र
रोज रात्री दारापर्यंत येऊन, पाटी वाचून
निमूट परत जात होता. चार महिने.
तिच्या सुऱ्या कुणी नाकारल्याच नव्हत्या.
कुणी पाहिल्याच नव्हत्या.

ती ओळ पुसायला एक क्षण लागला.
जुने पत्ते मात्र चारशे सतरा,
आणि एकाचंही घर आता जागेवर नाही.
हेलसिंकीच्या कुणा बाईने सात वर्षं जपलेला दुवा
थेट पाण्यात उघडत होता.

माइमू म्हणाली, समुद्र गोठला की माझा बाप
बर्फावर रस्ता आखायचा,
जुनिपरच्या फांद्या रोवत रोवत,
धुक्यात कुणाची गाडी भरकटू नये म्हणून.
"तेच करायचंय," मी म्हटलं.

ती जुना पत्ता वाचायची, मी पुढे नवा लिहायची.
फांदी. फांदी. फांदी.
दोनशेच्या आसपास चहा गार झाला.
एका पानाशी हात अडला:
एंडेलच्या हातच्या सुऱ्या. संपल्या.
याला कुठे वळवायचं? पहिल्या पानावर?
"राहू दे," ती म्हणाली. "तिथे कुणी आलंच
तर संपल्या, एवढंच कळू दे."

निघताना मी सांगितलं, उद्या काही दिसणार नाही. परवाही.
कोळी आपल्या सवडीने येतो.
आणि सगळे दीडशे परतणार नाहीत;
हल्ली माणसं नाक्यावरच उत्तर ऐकून वळतात.

एकवीस दिवसांनी तिचा निरोप आला:
"आज चोवीस.
मी एकदाच पाहिलं."