सव्वीस आणि चौतीस

आंबा घाट चढून दोन होड्या वर आल्या,
दोन ट्रेलर, दोन रात्री,
आणि शिरोलीत माझ्या शेडबाहेर
लोखंडी घोड्यांवर पोट टेकून बसल्या.
समुद्र इथनं सव्वाशे किलोमीटर.
भट्टीचा धूर मात्र भिंतीपलीकडे.

एक सव्वीस फुटी, एक चौतीस.
दोघी माझ्या वयाच्या आगेमागे,
त्या काळातल्या, जेव्हा फायबर किती जाड लागतं
हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं,
म्हणून भीतीनं जास्तच थापलेलं.
भीतीनं केलेलं काम टिकतं.

मी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या केल्या,
बसची नाकं, एका मंडळाला एकदा हत्ती.
होडी पहिल्यांदाच.
पण रेझीनचा वास तोच, मॅट तीच,
आणि ठोकून ऐकायची रीतही तीच:
लाकडी हातोडी सैल धरायची
आणि वीत वीत सरकत जायचं.

सव्वीस टणटण बोलली.
पाण्याखालच्या अंगावर फोड होते, शेंगदाण्याएवढे,
टोचले की आंबूस पाणी.
तिची कील बिडाची.
पलीकडच्या फाउंड्रीतला बाबालाल आला,
गंजावरून हात फिरवत म्हणाला,
"वाळू नीट दाबली नव्हती गड्यानं."
कुठल्या मुलखातला, कधीचा तो गडी,
त्याची चूक ह्याच्या अंगठ्याला कळली.

चौतीस आब राखून होती. तळाला शिसं,
आत सागवान, घडीचं टेबल,
उभं राहून शर्ट घालता येईल एवढी उंची.
डेकवर मात्र हातोडी धप्प.
सरकवली. धप्प.
दोन थरांमधलं बाल्सा लाकूड
चहात विसरलेल्या खारीसारखं.

भूपाल मगदूम, साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट,
वहीत दोन रकाने आखून स्टुलावर बसायचे.
शिडं किती, इंजिन कुठलं,
बंदराचं भाडं फुटावर, रंगही फुटावर.
"आठ फूटच तर जास्त आहे."
मी म्हणालो, साहेब, होडी नुसती लांबीला वाढत नाही,
सगळ्या बाजूंनी वाढते,
वजन काढा, दुपटीच्या वर जाईल.
ते मान हलवायचे,
आणि पुन्हा चौतीसचीच शिडी चढायचे.

चौथ्या दिवशी पद्मावतीकाकू आल्या.
महापुरात त्यांना गच्चीवरून
रबरी बोटीत उतरवलं होतं,
होडीशी ओळख काय ती एवढीच.
चौतीसमध्ये म्हणाल्या, "छान आहे हो,"
पाहुण्यांच्या घरात म्हणतात तसं.
सव्वीसमध्ये डोकं आपटलं.
कपाळ चोळत मागच्या खोलगटात बसल्या,
सुकाणूचा दांडा काखेत धरला,
आणि न उठता एक दोरी ओढून बघितली,
मग दुसरी, मग तिसरी.
"तिकडं मधेच ह्यांना काय झालं
तर शीड मला एकटीला खाली घ्यायचंय."

मगदूमसाहेबांनी वही बघितली, बराच वेळ.
हा रकाना त्यात नव्हता.

सव्वीसचे फोड खरवडले, दिव्यांखाली चाळीस दिवस सुकवली,
इपॉक्सीचे पाच हात दिले.
ती घाट उतरून गेली. काकू ट्रकमध्येच बसल्या,
ड्रायव्हरशेजारी, मांडीवर डबा घेऊन.

चौतीसचं सांगून ठेवलंय: कापा, शिसं विका.
शिसंवाला दोनदा भाव सांगून गेला.
बाबालाल म्हणतो, बीड असतं तर ओतलं असतं,
पंप झाला असता, उसाला पाणी पाजलं असतं.
फायबर वितळत नाही, मातीलाही नको असतं.

कटर तयार आहे.
मधे टाक्यांची ऑर्डर आली, मग आणखी एक.
दुपारी जेवून मी आत सागवानी बाकावर पडतो.
हायवेवरनं लोडेड ट्रक गेला
की अंग जरासं हलतं.

काल डेकचा एक चौरस फूट कापला.
नुसता बघायला.
कुजकं लाकूड चमच्यानं निघालं.
खालचा थर हाताला लागला,
कोरडा.