बत्तीस चौकोन

आचलच्या गणिताच्या वहीची
मागची अकरा पानं कोरी होती,
ती मी मागून घेतली.
एक चौकोन म्हणजे पंधरा मिनिटं.
चाक फिरलं की निळा,
गाडी उभी की पेन्सिलच्या रेघा,
झोप म्हणजे कोरा.
दिवसाला बत्तीस निळे. तेहतिसावा नाही.

चांडक शेठच्या मोबाइलवर मी हिरवा ठिपका आहे.
ठिपका थांबला की फोन येतो,
"कायले थांबला बे मुरली?"
ठिपक्याला कंबर नसते.

मंगळवारी कापसीच्या गोदामाबाहेर नऊ तास रांग,
वीस मिनिटांनी एकदा, गाडीभर पुढं.
शेठ म्हणाला, बसूनच तर होता, आराम झाला.
सुकलाल, माझा क्लीनर, धानोऱ्याचा,
दिवसाला दहा वाक्यं बोलणारा,
त्यातलं एक त्यानं इथं खर्च केलं:
"उस्ताद, हे निळ्यात धरू का कोऱ्यात?"
रेघा मार, म्हटलं.
पेन्सिल बोटभर उरली.

वही सुरू झाली ती बोरखेडीच्या टोलनाक्याअलीकडं.
मार्चातली पहाट, मागं सिमेंट.
डोळे उघडे होते, शपथेवर सांगतो,
पण तीन सेकंद रस्ता तिथं नव्हता.
मग होता.
आणि आरशात दुधाच्या कॅनवाला मोटरसायकलस्वार,
हात उगारून शिव्या देणारा,
जिवंत.
तीन सेकंदांचा चौकोन काढता येत नाही.
पहिल्या पानावरचं पहिलं घर
मी त्यासाठी तसंच सोडलंय.

आज निर्मलहून निघालो. जामठ्याला तीस निळे झाले.
उरले दोन, आणि वाडीचं घर
रिंग रोड मोकळा असला तरी चाळीस मिनिटं.
पंपामागं गाडी लावली. फोन केला.
"इतक्या जवळ येऊन?" वैजयंता म्हणाली,
"वांगं केलं न मी."
मग आचलनं फोन ओढला,
"बाबा, शेवटचा चौकोन जरा मोठा काढा न."
मी हसलो.
हसू मधेच अडलं.
एकोणीस वर्षं मी तेच तर केलं होतं,
पट्टी न लावता.

इंजिन टिकटिकत थंड होतंय.
डोक्यावरून विमान उतरलं, चाकं काढून, अगदी खाली.
सुकलाल वर बघत म्हणाला,
"त्यायचे तास मोजाले ऑफिसात मानसं बसवले म्हनते."
मी वही त्याच्या हातात दिली.
लिही, आठ पंचवीस.
उभी.