नऊचे निरोप

दिवसा हे स्टेशन इथवर पोचतच नाही.
सूर्य डोंगराआड गेला की मगच
आवाज पातागोनियाचं पठार चढून येतो,
धापा टाकत.

एलेउतेरियो नावेल्कीर मेंढ्या कोंडतो,
रेडिओची वायर कुंपणाच्या तारेला अडकवतो,
चुलीत झुडपाची मुळं सारतो.
थंडीनं मलूल झालेल्या बॅटऱ्या
त्यानं संध्याकाळपासून काखेत धरल्यात.

नऊ वाजता निरोप.
कुणाच्या लोकरीचे पैसे आलेत.
कुणाची आई गेली, माती उद्या सकाळी.
कुणी चष्मा बसमध्ये विसरलंय.
सगळं पठार एकमेकांचं ऐकतं
आणि भेटल्यावर ऐकलंच नाही असं वागतं.

"तिसऱ्या विहिरीवरच्या एलेउतेरियोसाठी.
देल्मिरा कळवते, दवाखान्यातून सोडलंय.
गुरुवारी डाकेच्या ट्रकनं फाट्यावर..."

आणि आवाज खाली जाऊ लागला,
दोर सुटलेल्या पोहऱ्यासारखा.
त्याच्या जागी ब्राझीलचं कुठलंसं स्टेशन,
हसणारी माणसं, साबणाची जाहिरात.
त्यानं रेडिओ फिरवला, उचलला, छातीशी धरला,
वायर मुठीत घेऊन स्वतःच खांब झाला.
निवेदिका परत आली तेव्हा म्हणत होती,
"...नाही. काळजी नसावी."

काय नाही?
येत नाही? दुखत नाही?
एकटी नाही?

रस्ता मोजायला आलेला एक जण मागे सांगून गेला होता:
रात्री आवाज दोन वाटांनी येतो,
एक जमिनीवरून, एक आभाळाला टेकून.
पावलं जुळली तर दुप्पट,
चुकली तर एकमेकांना खाऊन टाकतात.
आवाज तोच, माणूस तेच.
एलेउतेरियोला हे पटलं नव्हतं,
लग्नाला एकतीस वर्षं झाली होती तरी.

रात्री दोनदा उठून त्यानं रेडिओ लावला.
निरोप पुन्हा देत नाहीत, ठाऊक होतं.
नुसती खरखर, चढणारी, ओसरणारी,
जणू दाराबाहेर कुणी
आत यावं की नाही ठरवतंय.

गुरुवारी पहाटे त्यानं दोन खोगिरं काढली.
म्हाताऱ्या घोडीच्या खोगिरावर
मेंढीचं कातडं दुहेरी घातलं,
आजारातून उठलेल्या माणसाला टोचू नये म्हणून.
फाटा साडेचार तास.
ट्रकमध्ये कुणी नसलंच
तर मीठ आणायचंच आहे,
असं तो घोडीला म्हणाला,
मोठ्यानं,
दोनदा.