उद्यमनगर, सकाळी नऊ

सर्जेराव सुतारांचा कॉम्प्युटर
माझ्या दुकानात कधीच पडला नाही.
शाहूपुरीत बटण दाबलं की गुणी पोरासारखा
कंपनीचं चिन्ह, गोल फिरणारे ठिपके,
मग स्क्रीनवर त्यांचं लेथ मशीन, हार घातलेलं.
तीन दिवस तासातासाला बंद करून चालू केला.
काही नाही.

"आमच्यात आणला की मरतंय, शिकलगार मॅडम.
ठिपकं फिरत्यात, पाच-सा गिरक्या,
आन काळं. परत चिन्ह. परत ठिपकं. परत काळं."
सांगताना त्यांचं बोट हवेत गोल फिरायचं
आणि मधेच थांबायचं.
"धापर्यंत बघतो, मग नाद सोडतो."

स्कूटरवर दोन पायांच्या मधे डबा, ओढणीनं बांधलेला,
परीख पुलाखालून उद्यमनगर, उद्यमनगरातून परत.
पहिल्या खेपेला रॅम काढली,
तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं,
पोरीच्या कंपासमधलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
दुसऱ्या खेपेला पंख्यातून
बिडाचा भुगा निघाला चिमूटभर;
चुंबक जवळ नेलं तर त्याला मिशा फुटल्या.
मला वाटलं, सापडलं.
सेल बदलला, पॉवर सप्लाय बदलला,
सर्जेराव एकेक स्क्रू तळहातावर मोजून घेत राहिले.
दुसऱ्या दिवशी सव्वानऊला फोन:
"काळं."

तिसऱ्या खेपेला मी काहीच उघडलं नाही.
खुर्ची मागितली. बसले.

नऊ वाजून चार. ठिपके.
भिंतीपलीकडं काहीतरी खाकरलं
आणि ट्यूबची पापणी लवली.
काळं.

परत चिन्ह. आता मी स्क्रीन सोडून
ट्यूबकडंच बघत बसले.
खाकरणं, पापणी, काळं.
"पलीकडं काय आहे?"
"कॉम्प्रेसर."
"कुणाचा?"
सर्जेराव स्क्रू मोजायला लागले,
हातात एकही नसताना.
"हाय एकाचा."

भिंत नवी, गिलावा न केलेली,
शेडच्या बरोबर मधोमध.
क्रेनचा रूळ मात्र तिच्यातून आरपार गेलेला,
तो कापणं दोघांनाही परवडलं नसणार.
मीटर एकच, पलीकडं.
वाटणीत लेथ इकडं आली, ड्रिल तिकडं गेली,
देव्हाऱ्यावरून म्हणे वकील लागला होता.
न्यूट्रल कुणाच्या ध्यानातच आली नाही.

"तुमी जावा," सर्जेराव म्हणाले. "आमचं बोलणं न्हाई."

आनंदा सुतार. तेच नाक.
बॉक्सच्या झाकणाचे स्क्रू मी काढले
तर न सांगता तळहात पुढं.
आत न्यूट्रलचा स्क्रू सैल,
भोवतीचं प्लॅस्टिक काकवीच्या रंगाचं झालेलं.
"मेन पाडा."
खटका पडला आणि दोन्ही कारखाने एकदम गप्प झाले.
त्या गप्पपणात भिंतीपलीकडून
खोकल्याची एक उबळ आली, लांबलेली.
"अजून हाय व्हय खोकला त्येला," आनंदा म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही.
माझ्या तोंडात टेस्टर होता.

वायर सोलून नवी केली, स्क्रू आवळला.
अर्धा फेर, फार तर पाऊण.

इकडं येऊन बटण दाबलं.
पाच गिरक्या, सहा, सात, मी मोजणं सोडलं,
आणि आलं हार घातलेलं मशीन.
फोटोच्या कडेला एक खांदा होता, अर्धा कापलेला,
हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

पलीकडं कॉम्प्रेसर खाकरला.
ट्यूब हलली नाही.
सर्जेराव तिच्याकडंच बघत होते, मान वर करून,
खाली स्क्रीनवर काय उघडलंय याचं
त्यांना काही नव्हतं.

बिलबुक काढलं. "कुणाच्या नावानं?"
"सुतार."
"पुढं?"
"ऱ्हाऊ दे की मोकळं."

दीडशे रुपये.
खोडरबराचे धरले नाहीत.